सांध्यावरचं कुंकू

मणीनं गाडीखालून हात बाहेर काढला आणि तळव्यावरचा लोखंडी तुकडा वासुकीच्या नाकासमोर धरला.

"बघा अक्का. चार महिनेसुद्धा नाही टिकला. हा तिसरा!"

वासुकीनं तो हातात घेतला. मुठीएवढा सांधा. खाली लोखंडाची वाटी, वाटीत बसवलेली गोळी, गोळीतून वर आलेली दांडी, आणि धूळपाणी आत जाऊ नये म्हणून वाटीच्या तोंडावर रबराची टोपी. स्टिअरिंग फिरवलं की पुढचं चाक वळतं ते या सांध्याच्या जिवावर. नव्या सांध्याची दांडी दोन बोटांनी हलवून हलत नाही. ही नुसता हात लागताच लटलट करायला लागली.

"तू सामानच तसलं आणतोस," वासुकी म्हणाली.

"मी?" मणी गाडीखालून पुरताच बाहेर आला. त्याचं खरं नाव सुब्रह्मण्य. पण कीळवासलच्या त्या गल्लीत हे त्याच्या आईखेरीज कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. "अक्का, अकरा वर्षांची गाडी. कंपनीनं हा सांधा बनवायचाच बंद केला. बाजारात जे मिळतं ते घालतो. पहिला निळ्या डब्यातला, दुसरा पिवळ्या डब्यातला. तिसऱ्या डब्यावर तर चकचकीत कागद डकवलेला, 'अस्सल' म्हणून. आणि हे बघा, वाटीच्या पोटावर हा मस. तिघांनाही होता, ह्याच जागी. एकाच साच्यातून निघालेले, डबे तेवढे निराळे!"

एकदा सुरू झाला की मणी थांबत नसे. नट आवळला तर पिनेचं भोक जुळत नाही, भोक जुळवलं तर नट सैल राहतो. जुना सांधा काढताना तो आटे मोजतो, बरोबर साडेसतरा. नवा साडेसतरा आट्यांवर बसवला तर चाकाला जोडणारा दांडा लांब होतो आणि गाडी डावीकडे ओढते. मग पुन्हा चाकं जुळवत बसा. आणि एवढं करून बोलणी कोणी खायची? मणीनं.

"एक विचारू, अक्का?" बोलून दमल्यावर तो म्हणाला. "तुमच्या घरी गाडीच्या खालीसुद्धा पूजा करतात?"

"खाली?"

त्यानं सांधा तिच्या हातात उलटा केला. वाटीच्या कडेला, काळ्या तेलकट लोखंडावर, कुंकवाचा एक ठिपका होता. बोटाच्या टोकानं लावलेला, गोल, अगदी नीट.

शुक्रवारी सासरे गाडीची पूजा करतात हे वासुकीला माहीत होतं. चाकाशी लिंबू, बॉनेटवर चंदन-कुंकू, सगळ्यांच्याच घरी असतं ते. पण रस्त्याच्या चिखलाकडे तोंड करून लटकलेल्या सांध्याला कुंकू कोण लावतं? आणि कशाला?

तिला हसू यायला हवं होतं. पण हसायची वेळच नव्हती. कालच नवऱ्यानं, शिवकुमारनं, सरळ सांगितलं होतं. रविवारी व्यंकोजी, त्याचे लांबचे काका, गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला येणार. "आठ महिन्यांत तीन सांधे. वेण्णार नदीच्या पुलावर सुटला तर? मला हापिसात बसून घोर लागतो, वासुकी. बसनं जात जा." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच तर तिला रडू फुटायचं बाकी होतं. तिरुवैयारूच्या संगीत शाळेत ती व्हायोलिन शिकवायची. घरापासून तिथवर तेरा किलोमीटर आणि पाच नद्यांचे पाच पूल. तेवढा वेळ ती कोणाची सून नव्हती, बायको नव्हती, शिक्षिकाही नव्हती. काचा वर करून हवं ते गायची, चुकलं तर पुन्हा गायची. गाडी गेली की ते जाणार. हे नवऱ्याला सांगायचं कसं, आणि सांगितलं तर तो हसेल की काय, हे तिला ठरवता आलं नव्हतं.

"मणी, हा काप," ती म्हणाली.

"काय?"

"मधोमध काप. मला आत बघायचंय."

"भंगार कापून काय बघणार?"

"तू काप रे."

मणीनं सांधा लोखंडी पकडीत आवळला आणि करवत लावली. चांगली दहा मिनिटं गेली. वाटीचे दोन भाग झाले तशी वासुकी पुढं वाकली. आत असायला हवं होतं पिवळं घट्ट ग्रीस. होतं ते तांबूस पातळ काहीतरी, गंजाचं पाणी मिसळलेलं. गोळी एका बाजूनं झिजून गेलेली. तिनं बोट लावून वास घेतला.

एरंडेल!

तिनं पुन्हा हुंगलं. चूक नाही. सुरातला एक केसाएवढा फरक ओळखणारी बाई ती, आणि हा तर स्वयंपाकघरातला वास. मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची, एरंडेलाची बाटली दर शुक्रवारी थोडी उतरायची. म्हातारपणी पोट साफ होत नसेल बिचाऱ्यांचं, असं समजून तिनं काही न बोलता त्यांच्या पानातली डाळ बंद केली होती आणि पातळ रसमभात सुरू केला होता. दोन महिने!

तिनं रबराची टोपी सोडवून उजेडात धरली. कुंकवाच्या ठिपक्याच्या बरोबर वर, टोपीच्या घडीत, उजेडाचा एक बारीक थेंब दिसत होता. रबर फाटलेलं नव्हतं, चिरलेलंही नव्हतं. सुईचं भोक होतं ते.

"काय आहे, अक्का?" मणीनं विचारलं.

"काही नाही," वासुकी म्हणाली आणि टोपी पदराच्या टोकाला पुसत राहिली. चांगल्या सुती साडीला काळा डाग पडला तो नंतर गेला नाही. "मणी, असा सांधा मिळतो का, ज्यात बाहेरून ग्रीस भरता येतं?"

"निप्पलवाला? ग्रीस भरायचं बोंड असलेला? जुन्या जीपगाड्यांना असायचा. ह्या गाडीचाही करतात कोणी कोणी. तिरुच्चीला एकजण ठेवतो. पण आता तसला कोण मागतं? सीलबंद घालायचा, विसरून जायचं."

"मला तोच हवा. उद्याच्या बसनं मागव. आणि मामंजींनी विचारलं तर तू आपणहून घातलास म्हण."

मणीनं तिच्याकडे बघितलं, हातातल्या फडक्याकडे बघितलं आणि "सरी, बरं" एवढंच म्हणाला.

घरी आली तेव्हा सासरे, रघोजी, ओट्यावर बसून पेपर अगदी डोळ्यांशी धरून वाचत होते. पाटबंधारे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं जीप चालवली. साहेबांना घेऊन कल्लणैच्या धरणापासून पार समुद्राकाठच्या कालव्यांपर्यंत, बांधाबांधानं. दीड वर्षापूर्वी डाव्या डोळ्यानं दगा दिला आणि गाडीची किल्ली त्यांनी स्वतःच सुनेच्या हातात दिली. तेव्हापासून गाडी धुणं, पुसणं आणि शुक्रवारी पहाटे पोतं अंथरून तिच्याखाली शिरणं एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. आणि सांध्यांची कटकट सुरू झाली तीही त्यानंतरच. हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, वासुकीच्यासुद्धा, आज दुपारपर्यंत.

"मामंजी, खात्यात जीपला ग्रीस कसं लावायचे?" तिनं कापीचा, म्हणजे कॉफीचा, टंबलर पुढे ठेवत विचारलं.

पेपर खाली आला. "आज हे कशास?"

"सहज."

"एकवीस जागा," रघोजी म्हणाले, आणि त्यांचा आवाजच बदलला. "एकवीस जागा जीपच्या पोटास. दर शुक्रवारी. एक जागा भरिली की तांबड्या रंगाचा ठिपका लावावा, मग दुसरी. ठिपका नाही लाविला तर एक दोनदा होते, एक राहून जाते. अन् जी राहिली ती रस्त्यात बसवते. मज चौतीस वर्षांत एकदाही बसविलं नाही."

"आणि आपल्या गाडीला?"

"अय्यो, ही कसली गाडी! ग्रीस भरावयास जागाच ठेविली नाही. तान्ह्या पोराच्या तोंडास बूच मारिल्यासारखं. पाजायचं कसं?" ते जरा थांबले. "तरी मी बघतो हो. शुक्रवारी बघतो."

किती अभिमानानं म्हणाले ते! वासुकीला वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं. मामंजी, तुम्ही पाजता म्हणूनच ती मरते. त्या भोकातून पाणी जातं, ग्रीस धुऊन निघतं. पण टंबलर दोन्ही हातांत धरून ते इतके खुशीत बसले होते की तिनं विषय तिथंच सोडला. ते आत गेल्यावर तिनं कोनाड्यातला त्यांचा पत्र्याचा डबा उघडला. बदललेला जुना भाग परत आणायचा आणि जपून ठेवायचा, ही खात्याची शिस्त त्यांनी घरातही चालवली होती. पहिले दोन्ही सांधे कागदात गुंडाळून ठेवलेले. तिनं टोप्या उजेडाकडे धरल्या. दोन्हींत तसाच उजेडाचा थेंब. आणि डब्याच्या तळाशी, फडक्यात, गुरांच्या दवाखान्यात असते तसली जाड सुईची पिचकारी.

गुरुवारी ती बसनं गेली, उभ्यानं, व्हायोलिन छातीशी धरून. संध्याकाळी गाडी घेऊन घरी आली तर रघोजी दारातच.

"जुना कुठे आहे? दे."

"मणीकडेच राहिला, मामंजी."

"मणी तसं करीत नाही," रघोजी म्हणाले.

वासुकीनं खांद्यावरची पिशवी मागं सरकवली. चप्पल काढायच्या निमित्तानं खाली वाकली आणि वाकूनच राहिली. दोन तुकडे झालेला तो सांधा तिच्या पिशवीत, नोटेशनच्या वह्यांखाली होता.

शुक्रवारी उजाडताच तिनं मणीकडून आणलेली छोटी ग्रीसगन ओट्यावर ठेवून दिली, कुंकवाच्या करंड्याशेजारी. रघोजींनी ती उचलली, वजन केल्यासारखी हातात तोलली.

"हे कशास?"

"मणीनं या खेपेला ग्रीस भरायचा सांधा घातलाय. म्हणाला, अय्यांना, म्हणजे तुम्हांला, सांगा."

ते पोतं अंथरून गाडीखाली गेले. वासुकी दाराशी रांगोळीचे ठिपके काढत होती, पण तिचं लक्ष ठिपक्यांत नव्हतं. एरवी पाच-सात मिनिटांत होणारं काम. आज अर्धा तास झाला, पाय बाहेर तसेच. मग ते बाहेर आले, हात धुतले आणि कापी न घेताच आत निघून गेले.

शाळेला निघताना तिनं किल्ली पाडली आणि ती उचलायच्या मिषानं खाली डोकावली. निप्पलजवळ ठिपका होता. पण रबराच्या टोपीवरही कुंकू होतं. ठिपका नव्हे, टोपीभोवती गोल, घडीघडीतून बोट फिरवत नेल्यासारखं. डोळ्यांनी अधू माणसानं ग्रीस गळायचं भोक चाचपून शोधलं होतं आणि ते त्याला सापडलं नव्हतं. या टोपीला भोक नव्हतं.

म्हणजे आपल्याच सुईनं जुने सांधे गेले, हे मामंजींना कळलं. पाच पूल ओलांडेपर्यंत तिनं एक ओळ गायली नाही. एकाही पुलावर सांधा टक म्हणून वाजला नाही, तेही तिला आनंदाचं वाटलं नाही. घरी त्या दिवशी कोणी गाडीचं नाव काढलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी नऊच्या सुमाराला व्यंकोजी आले. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत राहणारे, कॉलेजात कारकून, नात्यानं कुठून तरी शिवकुमारचे काका. गोड बोलणं आणि गावभर बातमी पोचवणं ही दोन कामं ते पगार न घेता करत. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार उघडून लावून बघितलं.

"गाडी चांगली दिसते रे. मग विकतोस कशास?"

"गाडी चांगली, मेकॅनिक चोर," शिवकुमार म्हणाला. "तीनदा स्टिअरिंगचा सांधा बदलला. दर वेळी डुप्लिकेट माल घालतो."

"कोण तो?"

"कीळवासलचा मणी."

"मणी? माझी स्कूटर त्याच्याकडेच! आमच्या कॉलेजातल्या निम्म्या गाड्या त्याच्याकडे. बरं सांगितलंस हो. उद्याच सगळ्यांस सांगतो."

वासुकीच्या हातात कापीचा ट्रे होता. बोलावं तर मामंजी, न बोलावं तर मणी. शुक्रवारपर्यंत तिला वाटत होतं की आपण सगळं किती शहाणपणानं जमवलं. हे तिच्या हिशेबातच नव्हतं. घामेजलेला, आटे मोजणारा मणी तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिनं तोंड उघडलं.

"शिवा," ओट्याच्या टोकाला बसलेले रघोजी म्हणाले. "थांब. मणीचा दोष नाही."

ते उठून आत गेले. बाहेर आले ते पत्र्याचा डबा घेऊन. पिचकारी काढून त्यांनी ती व्यंकोजींच्या कापीशेजारी ट्रेमध्ये ठेवली.

"रबरास भोक मी पाडिलं. तिन्ही वेळा. ह्या सुईनं एरंडेल घालीत होतो. मज वाटलं, मी गाडी सांभाळितो."

शिवकुमार त्या सुईकडे बघत राहिला.

"अप्पा," शेवटी तो म्हणाला. "पुलावर सांधा सुटला असता तर? वासुकीचा जीव गेला असता, अप्पा."

"होय," रघोजी म्हणाले. "गेला असता. शुक्रवारपासून तेच माझ्या डोळ्यांसमोर आहे. झोप नाही मज." मग ते वासुकीकडे वळले. "तुज ठाऊक होतं. म्हणून जुना दिला नाहीस."

वासुकीनं मान हलवली. तिला एकाएकी रडू आलं आणि हातात ट्रे असल्यामुळे डोळेही पुसता येईनात.

व्यंकोजींनी खाकरून घसा साफ केला. "म्हणजे, गाडीत खोट नाही असंच ना?"

"नाही," रघोजी म्हणाले. "इंजिन उत्तम आहे."

"मणीचाही काही दोष नाही?"

"बिलकूल नाही. गावास सांगायचं तर हे सांग. रघोजीनं केलं म्हण. नाव घालून सांग."

"तर मग मी घेतोच की!" व्यंकोजी खूश झाले. "आत्ताच घेतो. काय रे, शिवा?"

शिवकुमारनं बापाकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं, बराच वेळ, आणि तिच्या हातातला ट्रे काढून घेतला.

"नाही काका," तो म्हणाला. "आता कशाला विकू? तिला लागते ती."

दुपारी तो एकटाच मणीकडे जाऊन आला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. येताना मात्र त्याच्या शर्टाला ग्रीसचा हात लागलेला होता, खांद्यावर, कोणीतरी थोपटल्यासारखा.

पुढच्या शुक्रवारी रघोजी पोतं घेऊन आले, अंथरलं आणि स्वतः मात्र शेजारी स्टूल ओढून बसले.

"तू जा खाली," ते वासुकीला म्हणाले. "मज दिसत नाही. उजव्यानंही नीट दिसत नाही हे मी एक वर्ष कोणास सांगितलं नाही, तीच खरी चूक."

ती पदर खोचून खाली शिरली. वर गाडीचं काळं पोट, नाकाशी रस्त्याची धूळ.

"सापडलं?"

"सापडलं."

"दाब. रबर किंचित फुगतं का बघ."

"फुगलं."

"अजून एक. पोदुम, पुरे! जास्त पाजायचं नाही. आता ठिपका."

करंडा जमिनीवरून सरकत तिच्या हाताशी आला. तिनं बोट बुडवून निप्पलजवळ ठिपका लावला. जरा वाकडा आला, तिनं पुन्हा नीट केला.

"लाविला?"

"लावला, मामंजी."

"बरं. अन् हे बघ, वासुकी," वरून आवाज आला. "आजपासून माझ्या पानात डाळ वाढ. एरंडेल गाडी पीत होती, मी नाही."